गेमस्पाय गेलं म्हणजे नेमकं काय गेलं

३१ मे

ऑनलाइन खेळणाऱ्यांची एकमेकांशी गाठ घालून देणाऱ्या गेमस्पाय या सेवेचे सर्व्हर २०१४ साली आजच्याच तारखेला थांबले. ते एकच दुकान होतं असं वाटतं, पण आत निरनिराळी खाती होती: सर्व्हरची यादी, लॉगिन, गप्पांच्या खोल्या, सीडी-कीची (खेळाच्या प्रतीसोबत मिळणाऱ्या क्रमांकाची) तपासणी आणि राउटरमागे बसलेल्या दोघांची गाठ घालून देणं. जो खेळ फक्त यादीवर टेकला होता तो सहज वाचला. बाकीच्यांचे हाल झाले.

यादीचं काम अगदी साधं. खेळाचा सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने युडीपी २७९०० या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारावर) हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' असा निरोप, धाडतो, मास्टर सर्व्हर त्याचा पत्ता टिपून ठेवतो आणि मागेल त्याला देतो. प्रत्यक्ष खेळ त्याच्यातून जातच नाही. म्हणून अनरियल टूर्नामेंट हा जुना खेळ आयएनआय फाइलमधल्या (सेटिंगच्या फाइलमधल्या) दोन जागा बदलून पुन्हा चालतो. आधी खेळ पूर्ण बंद करायचा, नाहीतर बाहेर पडताना तो आपल्याच जुन्या सेटिंग त्या फाइलवर लिहून मोकळा होतो. मग फाइलची एक प्रत काढून ठेवायची आणि गेमस्पायच्या पत्त्याजागी आज चालू असलेल्या मास्टरचा पत्ता घालायचा: एकदा सर्व्हरच्या 'अपलिंक' विभागात, एकदा ब्राउझरच्या 'लिस्टफॅक्टरीज'च्या ओळीत. पुष्कळ जण पहिली जागा बदलतात आणि दुसरी विसरतात. मग आपला सर्व्हर जगाला दिसतो, आपली यादी मात्र रिकामी. उलटा घोळही होतो. राउटरवर खेळाचं पोर्ट ७७७७ उघडलं, पण चौकशीचं ७७७८ राहिलं, की आयपी टाकून लोक आत येतात, यादीत मात्र नाव नाही.

खरी पंचाईत कमांड अँड कॉन्कर जनरल्ससारख्या खेळांची. तिथे मधे सर्व्हर नसतो, खेळाडूंचे संगणकच थेट एकमेकांशी बोलतात. आठ जण जमले की अठ्ठावीस जोड्या जुळाव्या लागतात, आणि त्यातली एक फसली तरी सामना सुरू होत नाही. गेमस्पायचा मध्यस्थ दोघांचे बाहेरून दिसणारे पत्ते आणि पोर्ट एकमेकांना सांगायचा, मग दोघांनी एकाच वेळी पाकिटं धाडून वाट पाडायची. राउटर प्रत्येक नव्या पत्त्यासाठी वेगळं पोर्ट काढत असेल, तर मध्यस्थाने पाहिलेलं पोर्ट मित्राच्या कामाचं राहत नाही. हे दुखणं तेव्हाही होतं, शिव्या मात्र सर्व्हरला पडायच्या.

रेव्होरा या चाहत्यांच्या गटाने लॉबी (खेळाडू जमतात ती खोली) पुन्हा उभी केली आहे, पण हे दुखणं लॉबीत नव्हतंच. आपल्याकडे त्यात सीजीनॅटची भर, म्हणजे इंटरनेट कंपनी पुष्कळ ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवते. राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होणारा पत्ता दिसला तर पोर्ट फॉरवर्डिंगची (राउटरवर पोर्ट उघडून देण्याची) खटपट सोडून द्या. वरचा राउटर कंपनीचा, तो आपल्या हातात नाही.

अशा वेळी रॅडमिन व्हीपीएन या प्रोग्रॅमवर सगळ्यांनी एकच जाळं करून लॅनने, म्हणजे एकाच घरातल्या जाळ्यावर असल्यासारखं, खेळणं बरं. खेळाच्या ऑप्शन्समध्ये लॅन आयपीच्या जागी २६ ने सुरू होणारा पत्ता निवडायचा. तिथे वाय-फायचा १९२.१६८ राहिला तर लॅनच्या लॉबीत कुणीच दिसत नाही. फायरवॉलमध्ये जनरल्स डॉट ईएक्सईला परवानगी देऊन भागत नाही. ती फाइल फक्त किल्ली फिरवते, खेळ चालतो गेम डॉट डॅटमधून, तेव्हा परवानगी गेम डॉट डॅटला हवी. आणि सगळ्यांची आवृत्ती एकच हवी: झीरो अवर (जनरल्सची पुरवणी) असेल तर १.०४, मूळ जनरल्स असेल तर १.०८.