शिंगातल्या शेणाची वाईन

‘गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरायचं आणि त्यानं वाईन चांगली होते, हे तुला खरंच पटतं का?’ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आमच्याकडे येणारे पाहुणे हे विचारतात, आणि निफाडला द्राक्षबाग असलेला माझा मामेभाऊ तर दर हंगामात विचारतो. कारण मी सगळ्यांना मॅकलॅरन व्हेलमधल्या एका कुटुंबाची बायोडायनॅमिक ग्रनाश पाजते. ग्रनाश हे काळं द्राक्ष आणि त्याची लाल वाईन; बायोडायनॅमिक म्हणजे रसायनं टाळून, हे शिंगाचे उपाय पाळून केलेली शेती. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

शिंगाची जादू मला पटत नाही. तरी वाईन मी त्याच घरची घेते.

मॅकलॅरन व्हेल ॲडलेडच्या दक्षिणेला, गाडीनं पाऊण तासावर. पश्चिमेला समुद्राचं आखात, पूर्वेला माउंट लॉफ्टीच्या टेकड्या. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कडक आणि कोरडा. 1838 पासून इथे द्राक्षं आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात मुळं खाणारी फिलॉक्सेरा ही कीड शिरली नाही, त्यामुळे शंभरी गाठलेले वेल इथे अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. ना मांडव ना तारा, कमरेएवढी गाठाळ झुडपंच. 1980 च्या दशकात वेल जास्त झाले म्हणून सरकारनं ते उपटायला पैसे दिले. पुष्कळांनी घेतले. या घरच्या आजोबांनी आपली ग्रनाश ठेवली, आणि आज ती नातवंडं सांभाळताहेत.

आता शिंगाकडे. जून 1924 मध्ये रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंतानं कोबरविट्झ इथे शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. रासायनिक खतांनी जमीन आणि बियाणं खालावतंय, ही त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. स्टायनर यांनी दिलेल्या उपायांतला सगळ्यांत प्रसिद्ध तो हा: व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजं शेण भरून हिवाळाभर पुरायचं. इथे ऋतू उलटे, म्हणून शिंगं मार्च-एप्रिलला जमिनीत जातात आणि सप्टेंबरच्या सुमाराला वर येतात. आतलं शेण तोवर काळं, भुसभुशीत झालेलं असतं आणि त्याला पावसानंतरच्या रानासारखा वास येतो. एकरी जेमतेम 35 ग्रॅम, तेरा-चौदा लिटर कोमट पाण्यात. ते तासभर ढवळतात. एका दिशेनं खोल भोवरा येईपर्यंत, मग तो मोडून उलट दिशेनं. संध्याकाळी मोठ्या थेंबांनी जमिनीवर शिंपडतात. दुसऱ्या शिंगात गारगोटीची पूड भरतात, ती पाण्यात ढवळून पहाटे पानांवर फवारतात.

एकरभर रानाला 35 ग्रॅम शेणानं खत म्हणून काय मिळणार? काहीच नाही. स्टायनर विश्वातल्या शक्तींबद्दल बोलत होते, आणि ते मोजायचं साधन कुणाकडे नाही. जे मोजता येतं ते मोजून झालंय. स्वित्झर्लंडमधल्या थेरविल इथे 1978 पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची तुलना चालू आहे. पहिल्या दोन पद्धतींत उत्पन्न साधारण पाचव्या हिश्शानं कमी आलं, पण मातीतलं जिवंतपण स्पष्टपणे जास्त दिसलं. कॅलिफोर्नियातल्या मर्लो या द्राक्षाच्या एका बागेत मात्र निव्वळ सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक यांची अनेक वर्षं तुलना केली, तेव्हा मातीच्या गुणांत फरक सापडला नाही. म्हणजे काम करतं ते कंपोस्ट आणि रसायनं टाळणं. माझं मत या पुराव्यावर उभं आहे.

पण या बागेत हिवाळ्यात चालून बघा. ओळींमध्ये ओट आणि घेवड्याच्या जातीची पिकं गुडघ्याएवढी वाढलेली, त्यांत मेंढ्या चरतात. तणनाशक नाही. पुढे ते हिरवं आडवं पाडतात आणि उन्हाळाभर ते जमिनीवर पांघरुणासारखं राहतं. चाळीस अंशांच्या दिवशी शेजारची उघडी जमीन हाताला चटका देते, इथली देत नाही. शिंपडण्याच्या निमित्तानं घरातलं कुणीतरी प्रत्येक ओळीतून पायी जातं, आणि कोणता वेल मागे पडलाय ते त्यांना ट्रॅक्टरवरून बघणाऱ्याच्या आधी कळतं. माझ्या मते या पद्धतीतली ही सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे.

मामेभाऊ म्हणतो, ‘आमच्याकडे करून दाखवा.’ त्याचं खरं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डावणी हा बुरशीचा रोग एका रात्रीत घड खातो, भुरी ही दुसरी बुरशी वेगळीच. मॅकलॅरन व्हेलमध्ये पीक वाढतं ते महिने कोरडे, म्हणून गंधक आणि थोड्या तांब्याच्या फवारणीवर भागतं. निफाडच्या शेतकऱ्याला ‘फवारणी सोड’ असं मी कधीच सांगणार नाही. जमीन झाकून ठेव, कंपोस्ट वाढव, एवढं सांगते. शेणाचं मोल त्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

वाईन कशी असते, हे पुष्कळ जण विचारायचंच विसरतात. द्राक्षं हातानं तोडतात. उघड्या टाक्यांत, सालींवरच्याच यीस्टनं रस आंबतो. वर तरंगणाऱ्या साली दिवसातून काही वेळा हातानं खाली दाबतात. मग जुनी ओक पिंपं, म्हणजे लाकडाची चव चढत नाही. रंग शिराझ या दुसऱ्या लाल वाईनपेक्षा फिकट, वास रासबेरीचा आणि थोडा वाळल्या झाडपाल्याचा, शेवटी बारीक तुरटपणा. अल्कोहोल 14 टक्क्यांच्या पुढे, तेव्हा घोट लहान घ्या. उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर नको, तिखटानं अल्कोहोल जाळ होऊन लागतं. खोबऱ्याच्या वाटणातल्या सौम्य कोंबडीबरोबर ती सुरेख जाते. आणि दुकानात बाटलीवर नुसतं ‘बायोडायनॅमिक’ लिहिलेलं असेल, तर ‘डीमीटर’सारख्या प्रमाणपत्राचं चिन्ह शोधा. ते दिसलं, तर वर्षातून एकदा कुणी तिऱ्हाईत माणूस त्या बागेत जाऊन तपासणी करतो.