कोर्दोबा: खांबांच्या गर्दीत एक दिवस

पायांचे तुकडे पडलेत, पण झोप येत नाहीये.

आज स्पेनमधल्या कोर्दोबाची मेस्कीता पाहिली. पूर्वीची मशीद, आताचं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च. संत्र्याच्या झाडांच्या अंगणातून आत गेले आणि बोलणंच थांबलं. जिकडे बघावं तिकडे खांब, साडेआठशेहून जास्त! इथला मुस्लिम राजा पहिला अब्द अर-रहमान याने 785च्या सुमारास ती बांधायला घेतली. बरेचसे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांआधी इथे राज्य करणारे लोक) इमारतींमधून आणलेले, म्हणून एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही. पण ते बुटके पडत होते आणि छत तर उंच हवं होतं. मग कारागिरांनी कमानीवर आणखी एक कमान चढवली. लाल वीट, पांढरा दगड, पुन्हा लाल वीट. माझे बाबा गवंडी होते. ते असते तर तासभर तिथून हलले नसते, सांधे निरखत बसले असते. त्यांची फार आठवण आली.

मधोमध कॅथेड्रल आहे. 1523 मध्ये त्याचं काम सुरू झालं. त्यासाठी आतले खांब आणि कमानी पाडल्या, याची हळहळ वाटलीच.

नंतर जुन्या ज्यू वस्तीतलं 1315 सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. एवढीशी खोली, भिंतींवर गिलाव्यात कोरलेली हिब्रू अक्षरं. घाईत चुकवू नका.

संध्याकाळी ग्वादाल्कीवीर नदीवरच्या रोमन पुलावर नुसती बसून राहिले. उद्या सकाळी निघायच्या आधी पुन्हा एकदा त्या कमानींखाली जाऊन येणार आहे. बाबांसाठी.