जुन्या फियाटचा भाव ठरवताना

फियाट ११०० डी घ्यायचं पक्कं झाल्यावर मी सुरुवातीला फक्त ऑनलाइन जाहिरातींचे भाव वहीत उतरवत गेलो. त्याच मॉडेलला कुणी साठ हजार मागत होतं, कुणी चार लाख. महिनोन्‌महिने त्याच भावात दिसणाऱ्या गाड्या मी खोडून टाकल्या. ज्या लवकर गेल्या, त्यांचेच आकडे धरले.

साताऱ्याकडची १९७१ची एक गाडी होती. गाडीच्या मालक काकांची अपेक्षा दोन लाख चाळीस हजार. "रंग कंपनीचाच आहे, काही केलेलं नाही," ते म्हणाले. मला तशीच हवी होती. ताजा रंग मारलेल्या गाडीत पुट्टीखाली काय दडलंय ते कळत नाही.

मी खालच्या बाजूचे फोटो मागवले, मग प्रत्यक्ष जाऊन लोहचुंबक फिरवला. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडीच सगळा भार पेलते, त्यामुळे दाराखालच्या पट्ट्या आणि फ्लोअर कुजले की गाडीचा कणाच गेला. इथे दोन्ही पट्ट्या कुजल्या होत्या, डाव्या बाजूचा फ्लोअरही. वरचा पत्रा मात्र अस्सल.

इंजिन जाम होतं, पण त्याची मला फार काळजी नव्हती. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं इंजिन याच घराण्यातलं, आणि मुंबईत या टॅक्सी २०२३पर्यंत धावत होत्या. पिस्टन, बेअरिंग शोधले तर मिळतात. क्रोमच्या पट्ट्या, पुढची जाळी, स्टिअरिंगवरची हॉर्न रिंग शोधताना जीव जातो, आणि त्या इथे सगळ्या जागेवर होत्या! त्यासाठी मी आनंदाने जास्त पैसे मोजतो.

कागद शेवटी पाहिले, पण वजन त्यांचंच सर्वात जास्त. आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, मूळ होती, बॉडीवरचा चासी नंबर तिच्याशी जुळला. आरसी नसती तर मी भंगाराच्या भावापुढे गेलोच नसतो. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. मला ती रोज चालवायची होती, म्हणून साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च धरला.

नाना पेठेतल्या मिस्त्रींकडून पत्राकामाचा आणि इंजिनाचा अंदाज घेतला. चालत्या, नीट गाडीच्या भावातून तो वजा केला आणि हिशेबाचा कागद काकांसमोर ठेवला. त्यांनी एकेक ओळ वाचली, पत्राकामाच्या आकड्यावर वाद घातला. एक लाख पस्तीस हजारांवर सौदा झाला. सध्या दाराखालच्या पट्ट्यांचं काम चालू आहे. रंगाला हात लावायचा नाही, असं मिस्त्रींना बजावून सांगितलंय.