धुता येणारा एअर फिल्टर: तुम्ही विचारलंत म्हणून

‘गाडीचा तो लाल, धुता येणारा एअर फिल्टर घरी धुतला तर चालेल का? आणि किती दिवसांनी धुवायचा?’ इंदुरात हा प्रश्न दिवाळीच्या सुमारास हमखास येतो. शेतांत सोयाबीनची काढणी झालेली असते, खेड्यांच्या रस्त्यांवर काळ्या मातीची धूळ उडत असते आणि घराबरोबर गाडीचीही साफसफाई निघते.

घरी धुतला तर चालतो. पण बहुतेक जण तो गरजेपेक्षा जास्त वेळा धुतात, आणि हे फिल्टर मळण्यापेक्षा धुण्यानेच जास्त मरतात.

आधी आपल्याकडे कोणता फिल्टर आहे ते बघा. कंपनीतून गाडीत येतो तो बहुधा कागदी. तो धुवायचा नाही. पाण्याने त्याचा कागद फुगतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि वाळल्यावर छिद्रं पूर्वीसारखी राहत नाहीत. तो बदलायचा, बस. धुता येणारे मुख्यतः दोन: तेल लावलेल्या सुती कापडाचे, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी असलेले (के अँड एन, बीएमसी वगैरे कंपन्यांचे), आणि तेलाशिवाय चालणारे कृत्रिम धाग्याचे. दुसऱ्या प्रकाराला तेलाचा थेंबही लावायचा नाही. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, कारण घोटाळे तिथेच होतात.

कधी धुवायचा? के अँड एन साध्या हायवेच्या वापरासाठी 50,000 मैल, म्हणजे साधारण 80,000 किलोमीटर सांगते. सुपर कॉरिडॉरच्या बांधकामांजवळून किंवा पीथमपूरच्या ट्रकांमागून रोज जाणाऱ्यांनी तो आकडा विसरावा आणि जाळी बघावी. मळ साचूनही तारेची जाळी सगळीकडे दिसत असेल तर फिल्टर तसाच परत बसवा. जाळी कुठे दिसेनाशी झाली की धुवा, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. दर 10,000 किलोमीटरच्या सर्व्हिसला एकदा उघडून बघणं पुरे. थोडा मळलेला फिल्टर धूळ उलट जास्त चांगली अडवतो, कारण साचलेली धूळच बारीक कणांना थांबवते. ‘ॲव्हरेज पडलं, फिल्टर धुऊन टाकतो’ हेही सोडा. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 साली तपासलं तेव्हा नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेजवर म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. पिकअप मात्र कमी झाला होता.

आता काम. इंजिन थंड असू द्या. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू काढा आणि फिल्टर उचलण्याआधी कोणती बाजू वर होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा. इंजिनकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारा कपडा ठेवा. तो नंतर काढायचा असतो, हे वेगळं सांगावं लागतं! फिल्टर तळहातावर हलकेच आपटून सुटी धूळ झाडा. मग त्याच फिल्टरसाठी मिळणारा क्लीनर दोन्ही बाजूंना भरपूर फवारा आणि 10 मिनिटं सावलीत ठेवा. या वेळात तो वाळू द्यायचा नाही. वाळला तर सुटलेला मळ पुन्हा कापडात बसतो.

धुताना पाण्याची दिशा महत्त्वाची. पाणी इंजिनकडच्या स्वच्छ बाजूने आत सोडायचं, म्हणजे मळ आला त्याच वाटेने परत जातो. मळक्या बाजूने सोडलं तर तो कापडात आणखी खोल जातो. नळाची साधी धार पुरते, गाडी धुण्याचा प्रेशर वॉशर नको. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, फार मळका असेल तर क्लीनर पुन्हा एकदा. घरी बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं खळबळणं नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याने करा. क्षारांचे पांढरे डाग राहिले की तेल कुठे लागलं नाही ते पुढे ओळखू येत नाही.

पेट्रोल, रॉकेल, डिझेल, कपडे धुण्याची पावडर: यांतलं काहीही नको. कडेची रबरासारखी चौकट आणि चिकटवण यांनी खराब होते. आणि कंप्रेसरची हवा तर मुळीच नको. कापडाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, फिल्टर चकचकीत दिसतो आणि धूळ सरळ आत जाते.

वाळवणं ही घाईची जागा. उभा टेकवून, सावलीत, घरातल्या पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. हेअर ड्रायर नको. गच्चीवरचं मे महिन्याचं ऊनही नको, लू त्यात नवी धूळ भरते. श्रावणात वाळायला रात्रभर वेळ लागू शकतो, कधी जास्तही. ओल्या कापडावर तेल सारखं पसरत नाही, म्हणून घड्यांच्या तळाशी बोट लावून ओल नाही याची खात्री करा.

तेल फिल्टरचंच हवं. ते चिकट असतं आणि रंगीत असतं, म्हणजे कुठे लागलं ते दिसतं. इंजिन ऑइल किंवा शिवणयंत्राचं तेल कापडात टिकत नाही, हवेबरोबर पुढे ओढलं जातं. स्प्रे असेल तर साधारण 3 इंचांवरून प्रत्येक घडीवर एकच हात. बाटली असेल तर प्रत्येक घडीत एकच बारीक धार. 20 मिनिटं थांबा, तेल कापडात पसरू द्या. पांढरे ठिपके राहिले असतील तेवढ्याच ठिकाणी पुन्हा लावा. मग रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग असेल तर तेल जास्त झालंय, कपड्याने टिपून घ्या.

जास्त तेलाने काय होतं? बऱ्याच गाड्यांत, डिझेलमध्ये विशेषतः, फिल्टरच्या पुढेच हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्याच्या तापलेल्या बारीक तारेवर किंवा पट्टीवर तेल बसलं की हवेचं माप चुकतं, गाडी अडखळते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी0101 सारखा कोड येतो. मग तो सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ करायचा, बोट किंवा कापूस न लावता. ज्या गाड्यांत हा सेन्सर नसून दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, तिथे ही भीती बरीच कमी.

बसवण्याआधी डबा ओलसर कपड्याने पुसा. इंजिनकडच्या बाजूला धुळीचे पट्टे दिसले तर दोष कापडाचा असेलच असं नाही. बहुतेक वेळा कड नीट बसलेली नसते किंवा एखादी क्लिप सुटलेली असते. कडेवर ग्रीसचा पातळ थर दिला तर बरं. डब्याच्या तळाशी पाणी जायचं छिद्र असेल तर तेही मोकळं करा. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर तिथे पालापाचोळा सापडतो, आणि कधी उंदराने आणलेलं सामानही.

हा सगळा उद्योग दीड दिवसाचा. तोवर फिल्टरशिवाय गाडी चालवायची नाही, कोपऱ्यावरून दूध आणायलाही नाही. त्यासाठी एक कागदी फिल्टर घरात ठेवा. आणि सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवर लिहून घ्या: ‘फिल्टर धुण्याचा आहे, हवा मारू नये, बदलू नये.’ तोंडी सांगितलेलं गाडी घेणाऱ्या सर्व्हिस सल्लागारापाशीच राहतं, आणि कंप्रेसरचा पाइप असतो मिस्त्रीच्या हातात.