चेक बाउन्सची केस नोटिशीतच का पडते

चेक न वटल्याबद्दलची, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ची फिर्याद पडली की दोष साक्षीदाराला दिला जातो, वकिलाला दिला जातो, कोर्टाच्या तारखांना दिला जातो. प्रत्यक्षात अशा बऱ्याच फिर्यादी कोर्टाची पायरी चढण्याआधीच, चेकचे पैसे मागणारी नोटीस टाइप होतानाच, पडलेल्या असतात. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठवडाभराच्या आत दोन निकाल दिले. एकाने नोटिशीची चूक माफ करायला साफ नकार दिला, दुसऱ्याने त्यापुढची वाट बरीच सोपी केली. दोन्ही एकत्र वाचले तर मेहनत कुठे करायची ते कळतं.

पहिला निकाल १९ सप्टेंबरचा, कावेरी प्लास्टिक्स प्रकरणातला. चेक एक कोटीचा, नोटिशीत मागणी दोन कोटींची. फिर्यादीचं म्हणणं, ही टायपिंगची चूक आहे, चेकचा नंबर आणि तारीख तर बरोबर लिहिली आहे ना! न्यायालयाने ते ऐकलं नाही. कलम १३८च्या परंतुकात, म्हणजे त्यातल्या अटींमध्ये, 'सदर रकमेची' मागणी आहे आणि सदर रक्कम म्हणजे चेकची रक्कम. ती चुकली की नोटीसच बाद, आणि नोटीस नाही तर गुन्हाही नाही. फौजदारी तरतूद असल्याने तिचा अर्थ काटेकोरच लावायचा, हे त्यामागचं कारण.

गोची होते ती व्याज, नोटीस फी आणि जुनी उधारी यांची एकच बेरीज करून मागण्यामुळे. व्याज मागू नका असं कोणी म्हणत नाही. पण एका परिच्छेदात चेकचा नंबर, तारीख, बँक, रिटर्न मेमोची (चेक परत करताना बँक देते त्या चिठ्ठीची) तारीख, त्यावरचं कारण आणि फक्त चेकची रक्कम, अंकी आणि अक्षरी. तेवढीच १५ दिवसांत द्या, अशी मागणी. बाकी सगळं पुढच्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्यानिशी. जुन्या नोटिशीवर नवी नोटीस टाइप करायची सवय असेल तर पाठवण्याआधी रक्कम मूळ चेक हातात धरूनच ताडून पाहा.

दुसरा सापळा अर्धवट परतफेडीचा. वीस लाखांचा चेक घेतला, नंतर चार-पाच लाख परत आले, तरी वीस लाखांचाच चेक बँकेत टाकला. दशरथभाई पटेल प्रकरणात (२०२२) नेमकं असंच घडलं होतं आणि फिर्यादी हरला. चेक टाकायच्या दिवशी तेवढं देणं उरलेलंच नव्हतं. मिळालेल्या रकमेची नोंद त्याच कायद्याच्या कलम ५६नुसार चेकवर करून उरलेल्या रकमेसाठी तो वापरता येतो. पण बँकेच्या काउंटरवर असा लिहिलेला चेक नेण्यापेक्षा जुना परत देऊन उरलेल्या रकमेचा नवा चेक घेणं शहाणपणाचं.

आता तारखा. समजा रिटर्न मेमो ४ मार्चला हातात आला. तो दिवस मोजायचा नाही. नोटीस ३० दिवसांत, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत रवाना व्हायला हवी. नोटीस समोरच्याला ५ एप्रिलला मिळाली, तर त्याचे १५ दिवस २० एप्रिलला संपतात. २१ एप्रिलच्या आधी दाखल केलेली फिर्याद अकाली ठरते, मग ती सुनावणीला कितीही उशिरा येवो. फिर्यादीचा शेवटचा दिवस २१ मे, कारण इथे ३० दिवस नव्हेत तर एक महिना आहे. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या ३० दिवसांना ती सोय नाही. ते हुकलेच आणि चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर तोच चेक पुन्हा बँकेत टाका. पुन्हा न वटल्यास नव्या मेमोपासून नवी मुदत सुरू होते, हे २०१२पासून पक्कं आहे.

नोटीस स्पीड पोस्टाने, बरोबर पत्त्यावर. 'घेण्यास नकार' शेऱ्याने परत आलेलं पाकीट फोडू नका. ते तसंच बंद कोर्टात जातं.

फिर्याद कुठे करायची यावरही नोव्हेंबर २०२५मध्ये जय बालाजी इंडस्ट्रीज प्रकरणात खुलासा झाला आहे. अकाउंट पेयी चेक तुम्ही कुठल्याही शाखेत टाकला तरी अधिकारक्षेत्र तुमचं खातं ज्या होम शाखेत आहे तिथलंच. म्हणजे खातं साताऱ्याला आणि चेक पुण्यात टाकला, तर केस साताऱ्यात.

दुसरा सप्टेंबर निकाल २५ तारखेचा, गोव्यातून गेलेल्या संजाबिज तारी प्रकरणातला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २२३मुळे कोर्टाने फिर्यादीची दखल घेण्याआधीच आरोपीला नोटीस काढण्यात महिने जात होते. कलम १३८च्या फिर्यादीत त्याची गरज नाही, असं न्यायालयाने सांगितलं. समन्स आता फिर्यादी स्वतःही बजावू शकतो, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं आहे. त्यासाठी आरोपीचा नंबर आणि ईमेल खरा असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. खोटं निघालं तर कारवाई फिर्यादीवर, त्यामुळे ऐकीव नंबर टाकू नका. फिर्यादीच्या सुरुवातीला ठरलेल्या नमुन्यातला सारांशही जोडायचा आहे.

तडजोडीचे दरही बदलले. बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी पैसे भरले तर जादा खर्च शून्य. त्यानंतर निकालाआधी चेकच्या रकमेच्या ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. २०१०च्या निकालातले दर याहून बरेच चढे होते.

याच निकालात आणखी एक पळवाट बंद झाली, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. वीस हजारांवरचं कर्ज रोखीने दिलं म्हणून ते देणंच बेकायदा, असा बचाव केरळ उच्च न्यायालयाच्या एका निकालाच्या आधारे घेतला जात होता. आयकर कायद्याचा भंग झाला असेल तर त्याचा दंड वेगळा, चेकचं देणं त्यामुळे बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं. अर्थात एवढी रोकड तुमच्याकडे होती कुठून, हा उलटतपासणीतला प्रश्न कायम आहे. पासबुक आणि विवरणपत्र फिर्यादीसोबतच जोडलेलं बरं.