तुम्ही विचारलंत म्हणून: नाचणं सुटल्याचं वाईट वाटत नाही?

प्रयोग संपला की कुणीतरी हटकून विचारतंच, "आता स्वतः नाचत नाही, वाईट वाटत नाही?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सांत्वन आधीच तयार असतं. मी "थोडंसं" म्हणून वेळ मारून नेते. खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

माझ्या डाव्या घोट्याने ३२ व्या वर्षीच हिशेब मागायला सुरुवात केली. सकाळची पहिली पावलं भिंतीला धरून टाकायची आणि संध्याकाळी बॅलेचे पॉइंट शूज चढवून अंगठ्यांवर उभं राहायचं. हे बूट बाहेरून मऊ साटिनचे दिसतात. आत बोटांशी कापड, कागद आणि सरसाचे थर वाळवून केलेलं कडक टोपण असतं. नवा जोड आला की आम्ही तो हाताने चेपायचो, जमिनीवर आपटायचो, फिती स्वतः शिवायचो. त्या आपटण्याची आठवण येते. घोट्याची मुळीच नाही.

पहिली रचना बसवली तेव्हा वाटलं, काम तेच, फक्त दुसऱ्यांच्या पायांनी करायचं. सहा जण, आठ मिनिटं. मी पुढे उभी राहून करून दाखवायची, ते उचलायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांतली सगळ्यात लहान मुलगी चाचरत म्हणाली, "एक विचारू? आपण प्रत्येक उडी उजव्या पायावरच का उतरतो?"

मी वही काढून पाहिली. खरंच की! सहा धडधाकट माणसांना मी माझा दुखरा घोटा वाटून दिला होता.

त्या दिवसापासून करून दाखवणं बंद केलं. खुर्ची घेऊन बसले आणि बघायला लागले. बॅलेचे नामवंत नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन यांचंही नाचणं गुडघ्याच्या दुखापतीने लवकर आटोपलं होतं. १९३४ साली अमेरिकेत 'सेरेनेड' हा बॅले बसवायला घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी १७ मुली आल्या, तर त्यांनी १७ जणींचीच रचना केली. पुढे एक उशिरा आली, ते उशिरा येणं नाचात आलं. एक पडली, ते पडणंही आलं. ही गोष्ट मी विद्यार्थिदशेपासून ऐकत होते आणि दरवेळी गमतीची म्हणून हसत होते. समोर कोण आहे ते बघणं, हेच मुळात काम आहे, हे कळायला मला त्या मुलीचा प्रश्न लागला.

आणि बघणं दमवतं, बरं का. सहा शरीरं, बारा पाय, एकच संगीत. कुणाचा श्वास अर्धी मात्रा आधी येतो, कुणाची मान वळल्यावर तिथेच रेंगाळते. घरी येते ती नाचून आल्यापेक्षा थकून.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. नाचायचे तेव्हा पडदा उघडेपर्यंत पोटात गोळा असायचा, संगीत सुरू झालं की विरघळायचा. आता तो संगीताबरोबरच येतो, आणि करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी मागच्या रांगेत अंधारात बसते. गेल्या प्रयोगाला शेजारच्या बाईंनी वाकून हळूच विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" खाली पाहिलं, तर माझी बोटं मांडीवर उड्या मारत होती. डाव्या हाताचीसुद्धा.