काळी पाच, कॅपो आणि फाट्यावरची निळी बस

मार्गशीर्ष, गुरुवार. रात्र.

मावसभावाचा अल्बम आज ऐकला. पहिल्या गाण्यापासून आठव्यापर्यंत सलग, मध्ये कुठेही न थांबता. दिवसभर कापूस वेचून बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, पेन नीट धरवत नाही. तरी आजच लिहायचं आहे, कारण उद्या हे ऐकणं इतकं ताजं राहणार नाही.

तो 19 वर्षांचा आहे. दारव्ह्याला बी.एस्सी. करतो, घरी आला की काकांसोबत तुरीच्या फवारणीला जातो, उरलेला वेळ गिटारचा. शब्द त्याचे, चाली त्याच्या, आवाज त्याचा. ढोलकी नाही, कीबोर्ड नाही. विषय एकच, अकरावी-बारावीत असताना त्याला आवडलेली मुलगी. तिचं नाव आठही गाण्यांत कुठे येत नाही. गाव नाही, आडनावाची खूण नाही. आमच्या भागात सायकलीच्या रंगावरूनसुद्धा ती कोणाच्या घरची ते ओळखतात. तिथं त्यानं हे जपून केलंय, आणि मला ते फार मोलाचं वाटलं.

मोबाइलवर पाठवायला तो तयार नव्हता. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी जागा घेते, आमच्या रेंजमध्ये ती उतरवता उतरवता पहाट झाली असती. एमपी3 करून लहान कर म्हटलं तर नाहीच म्हणाला, त्यात आवाजातलं बारीकसारीक निघून जातं. पेनड्राइव्ह घेऊन स्वतःच आला. "ताई, पह्यल्यांदा ऐकून रायली तं पुरं ऐक."

पहिलं गाणं निळ्या बसचं. खेड्यातल्या मुलींना शाळेत मोफत नेणारी मानव विकासची बस. मी त्याच बसनं दहावी-बारावी केली, त्यामुळे पहिल्या ओळीलाच कान टवकारले.

निळ्या बसच्या मांगं मायी सायकल,
धूय खाल्ली, पन नाव नाही इचारलं.

खरं सांगायचं तर इथं मी थोडी सावध झाले. फाट्यापासून घरापर्यंत कोणी मोटारसायकल हळूहळू मागे चालवत आणली की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. पायांत चपला जड होतात आणि घर लांब जातं. वरातीत डीजेवर जी गाणी आदळतात त्यांत मुलगा असाच मागे लागतो, मुलगी नाही म्हणते, आणि तो नकार म्हणजे लटका राग असं सगळी वरात धरून चालते. म्हणून मी वाट पाहत होते की हा आता काय करतो. दुसऱ्या कडव्यात उत्तर आलं.

तू गावात पोचस्तोर मी पानपोईपाशी,
घोट घोट पेलो, मंग निंगालो घराशी.

दोघांचा रस्ता एकच. ती फाट्यावर उतरून पायी निघायची. आपण मागे मागे आलोत असं तिला वाटू नये म्हणून हा ती गावात शिरेपर्यंत पाणपोईपाशी उभा राहायचा. सतरा वर्षांच्या पोराला हे कोणी शिकवलं नव्हतं. मावशीला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. तिला वाटायचं पोरगा कॉलेजातून उशिरा येतो.

या अल्बममधलं प्रेम इतकंच आहे. प्रॅक्टिकलची वही मागितलेली आणि परत देताना नवं कव्हर घातलेलं. पोळ्याच्या दिवशी ती आजोळी आली असेल का म्हणून तोरणाखालच्या गर्दीत पाहिलेलं. मोठं काही घडत नाही. पण त्या वयात जे घडतं ते एवढंच असतं, आणि ते तेव्हा केवढं तरी मोठं असतं. वीस-पंचवीस वर्षांनी मागे वळून लिहिलेल्या गाण्यांत शहाणपण शिरतं. याची गाणी त्या दिवसांपासून दोन वर्षांवरच उभी आहेत, त्यामुळे त्यांत अजून तीच घाबरगुंडी आहे.

पाचवं गाणं मात्र वेगळंच आहे. बारावीच्या निरोप समारंभाला त्यानं तिला विचारलं. ती नाही म्हणाली. आजवर ऐकलेल्या गाण्यांत इथून पुढे पावसात भिजणं, दारू, नाहीतर मुलीला बोल लावणं सुरू होतं. हा गातो:

तू म्हनली नाही, मी म्हनलं बरं,
आभाय तेवढंच व्हतं, तेवढंच खरं.
काही मोडलं नाही, काही पडलं नाही,
घरी जाऊन बैलाले पानी पाजलं.

शेवटची ओळ यमकात बसत नाही. मुद्दाम बसवली नाही म्हणाला, कारण त्या दिवशी काहीच बसत नव्हतं. मला रडू आलं. दुःखाचं होतं का ते सांगता येत नाही. आपल्या बोलीत, आपल्या घरच्या कामाच्या शब्दांत कोणी नकार इतक्या आदरानं घेतलेला मी ऐकला नव्हता. वऱ्हाडी बोली स्टेजवर आली की माणसं हसायच्या तयारीनंच बसतात. इथं तीच बोली घेऊन एक पोरगा सरळ मनातलं बोलतो, आणि हसू येत नाही.

आवाजाविषयी लिहायलाच हवं. रेकॉर्डिंग झालं ते काकांच्या कापसाच्या खोलीत. मागच्या हंगामात भाव वाढेल या आशेनं त्यांनी फाल्गुनापर्यंत कापूस विकला नव्हता, मधली खोली अर्ध्या भिंतीपर्यंत भरलेली. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत गायलं की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. कापूस तो आवाज पिऊन टाकतो, विशेषतः वरच्या पट्टीतला. शहरातले लोक स्टुडिओच्या भिंतींना यासाठी फोमच्या पाट्या लावतात. याच्याकडे क्विंटलांनी कापूस होता! तिथं बसून अंगाला खाज सुटायची, घशात तंतू जायचे. चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला त्यानं घसा साफ केलेला ऐकू येतो. तो तसाच ठेवलाय.

माइक कंडेन्सर जातीचा, मित्राकडून आणलेला. त्याला 48 व्होल्टचा पुरवठा लागतो, तो लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या पेटीतून मिळतो, आणि लॅपटॉप बॅटरीवर. त्यामुळे लाइट गेली तरी काम चालायचं, उलट गेलेली बरी, कारण बाजूच्या मोटरपंपाची घरघर थांबायची. माइक त्यानं गिटारच्या मधल्या भोकासमोर धरला नाही, तिथं आवाज घुमतो. बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या तारेच्या समोर, वीतभर अंतरावर ठेवला. गाणं आणि वाजवणं एकाच वेळी झालं. एकात दुसऱ्याचा आवाज शिरलेला असला की नंतर फक्त गळा किंवा फक्त गिटार दुरुस्त करता येत नाही, एक चुकलं की सगळं पुन्हा. या गाण्यांत श्वास जाणवतो तो त्यामुळे, आणि तारेवर सरकणाऱ्या बोटाची किर्रही.

गिटारला विदर्भाची हवा मानवत नाही, हे मला त्याच्याकडून कळलं. बनवणारे सांगतात की तिच्या लाकडाला हवेत 45 ते 55 टक्के ओलावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि हवा पार कोरडी पडते. लाकूड आक्रसतं, फ्रेटच्या तारांची टोकं पट्टीबाहेर येऊन बोटाला बोचतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, वरची पाटी उचलते, तारा वर जातात आणि दाबायला जोर लागतो. कूलरच्या खोलीत ठेवावी तर तिथं दमटपणा फार. म्हणून तो उन्हाळाभर तिच्या खोक्यात भोकं पाडलेली साबणदाणी ठेवतो, आत ओला स्पंज. मावशी आधी ओरडायची, आता तीच स्पंज ओला करते.

जेवताना बाबांनीही दोन गाणी ऐकली. बाबा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटी वाजवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (1909–1968) खंजेरी भजनं त्यांना तोंडपाठ, मोझरीला पुण्यतिथीला जाणं चुकवत नाहीत. अशा माणसासमोर प्रेमाची गाणी लावायची म्हणजे मला थोडी धाकधूक होती. पहिलं गाणं सुरू झालं, बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "काळी पाच हाये हे." बरोबर होतं. भाऊ तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर वर नेणारा चिमटा लावून जी मेजरचा हात धरतो, म्हणजे ऐकू येतो तो बी फ्लॅट, पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी, काळी पाच. चौथ्या गाण्यात तो अंगठ्यानं गिटारच्या लाकडावर ठेका धरतो. बाबांनी ताटाच्या कडेवर बोटानं तोच ठेका धरला. "हे खंजेरीचं हाये. कोठून शिकला?" आता कोठून शिकणार, यांच्याच मांडीवर बसून. लहानपणी सुट्टीत आला की तो बाबांबरोबर सामुदायिक प्रार्थनेला जायचा.

आजीला सहावं आवडलं. त्याची चाल चार-पाच सुरांतच फिरते आणि प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला प्रश्न टाकते, भुलाबाईच्या गाण्यांसारखी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही मुली दारोदार ती गाणी म्हणायचो आणि झाकलेला खाऊ ओळखायचो. हा दाराशी उभा राहून ऐकायचा, खाऊच्या आशेनं. आजी म्हणाली, "पोरीचं गानं पोरानं म्हनलं तं काय झालं? चांगलं म्हनते." मग लगेच, "पोरगी कोनाची व्हय?" मी सांगितलं नाही. मलाही माहीत नाही.

सगळं सारखं चांगलं नाही. तिसऱ्या गाण्यात चंद्र, चांदणी, स्वप्न, सावली असे उसने शब्द आलेत. तिथं तो स्वतः दिसत नाही. सातवं लांबलंय, काळी-पिवळी टॅक्सीतल्या प्रवासाचं एक कडवं सहज काढता येईल. हे त्याला तोंडावर सांगितलं. सातव्याचं त्यानं मानलं. तिसरं बदलणार नाही म्हणाला, ते त्याचं पहिलं गाणं, तेव्हा त्याला एवढेच शब्द येत होते. मला ते पटलं नाही, पण अल्बम त्याचा आहे.

आठव्यात ती त्याला नागपूरच्या बसस्टँडवर दिसते. नर्सिंगला गेलेली, पांढऱ्या ड्रेसमध्ये, मैत्रिणींसोबत मोठ्यानं हसत. हा हाक मारत नाही. ती चांगली आहे एवढं पाहून आपल्या गाडीत बसतो. गाणं दोन मिनिटांच्याही आत संपतं. गिटारची सर्वात खालची तार पुरती विझेपर्यंत त्यानं रेकॉर्डिंग चालू ठेवलंय.

निघताना चपला घालता घालता त्यानं विचारलं, "ताई, एक गानं तिच्या बाजूनं लिहू का? तिले तवा काय वाटलं अशीन ते?"

मी म्हटलं, नको. तिला काय वाटलं ते तिचं आहे, आणि तिला गायचं असेल तेव्हा ती गाईल. तू तिच्या तोंडी शब्द घातलेस तर पाणपोईपाशी थांबलेला तू पुन्हा तिच्या मागे निघालास असं होईल.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग पेनड्राइव्ह खिशात टाकत म्हणाला, "बरं. आठच ठेवतो."